दिवाणखान्यातील मत्स्यावतार

आमच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्याचा इतिहास कोणी लिहावयास घेतलाच, तर तो भिंतीकडेच्या वस्तूंवरून उत्तम लिहिता येईल. एके काळी तेथे रविवर्म्याच्या तसबिरी होत्या. मग ग्रामोफोन आला, त्यामागून रेडिओ आला, काचेच्या कपाटातील न उघडलेल्या ग्रंथांची रांग आली, दूरचित्रवाणीचा संच आला. आता त्या संचाशेजारी, किंवा ईशान्येचा कोपरा साधून, निळ्या दिव्याने उजळलेली पाण्याची एक काचपेटी येऊन बसली आहे. तीत प्लास्टिकचे शेवाळ असते, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या असतो, उघडमीट करणारा शिंपला असतो, आणि या सर्वांच्या जोडीला, जणू उपचार म्हणून, चारदोन जिवंत मासेही असतात. डॉक्टरांचा दवाखाना, वकिलांची कचेरी, उपाहारगृहाचा गल्ला, यांपैकी कोणतेही स्थळ आता या पेटीवाचून शोभत नाही, असा समज सुशिक्षितांत रूढ झालेला दिसतो.

या पेटीविषयी आमच्या कानी जे पडते ते बहुतेक स्तुतिपरच असते. तिच्यायोगे मुलांना सृष्टीची गोडी लागते, थकल्या मनाला विसावा मिळतो, आणि वास्तूला बरकत येते, असे तीन गुण तिच्या कैवाऱ्यांकडून सांगितले जातात. आम्हांस यांपैकी एकही गुण मान्य नाही. किंबहुना आमचे स्पष्ट मत असे आहे की, आजच्या स्वरूपातील घरगुती मत्स्यालय हे ना विज्ञान, ना कला, ना दया. ते केवळ एक फर्निचर आहे, आणि ज्या फर्निचरात जीव मरतात त्याला संस्कृतीचे नाव देणे हा शब्दाचा अपमान आहे.

मत्स्यालय ही संस्थाच आम्हांस अप्रिय आहे असे मात्र कोणी समजू नये. आमची तक्रार तिच्या नावावर जे चालते त्याबद्दल आहे, आणि ती नीट कळावयास थोडे मागे जावे लागेल.

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात आमची तीस वर्षे गेली असल्यामुळे या प्रकरणाचा आरंभ आम्हांस ग्रंथांत सापडावा हे स्वाभाविक आहे. 'अक्वेरिअम' हा शब्द रोमन लोक गुरांच्या पाणवठ्याला लावीत. त्याला आजचा अर्थ लोकप्रिय करून दिला तो फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गाभ्यासकाने, १८५४ साली त्याच नावाचे पुस्तक लिहून. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले होते, व तेथे समुद्रजीव पुरविणाऱ्यांत हाच गॉस प्रमुख होता. काळही अनुकूल होता. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली उठला होता आणि आगगाडीने समुद्रकिनारा एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आणला होता. पाहता पाहता प्रत्येक प्रतिष्ठित घरात समुद्रफुलांची काचपेटी दिसू लागली. गॉस स्वतः प्रामाणिक, साक्षेपी व अत्यंत धर्मनिष्ठ मनुष्य होता. सृष्टीच्या बारकाव्यांत त्याला ईश्वराची करामत दिसे, व ती इतरांस दाखवावी एवढाच त्याचा हेतू होता. पण पुस्तके वाचून लोक टोपल्या व छिन्न्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरले. त्याचा मुलगा एडमंड पुढे प्रसिद्ध समीक्षक झाला. त्याने १९०७ साली 'फादर अँड सन' हे आत्मचरित्र लिहिले. जी खडकांतील डबकी लहानपणी आपण बापाच्या हाताला धरून पाहिली, ज्यांत युगानुयुगे कोणी हात घातला नव्हता, ती बापाच्याच पुस्तकांनी धाडलेल्या हौशी संग्राहकांनी कशी ओरबाडून नेली, आणि ते पाहून बापाला किती क्लेश झाले, हे त्याने त्यात सांगितले आहे. आम्ही हे पुस्तक वर्गात अनेकदा वाचले. बापलेकांच्या धर्मविषयक झगड्यावर विद्यार्थी उत्साहाने लिहितात. या परिच्छेदावर कोणी लिहीत नाही. आमच्या मते पुस्तकातील खरी शोकांतिका येथे आहे. ज्याने प्रेमाने दाखविले त्याच्याच दाखविण्याने ती वस्तू नष्ट झाली.

ही लाट १८६० नंतरच्या दशकात ओसरली, टाक्या माळ्यावर गेल्या. किनारा मात्र पूर्ववत् झाला नाही.

गॉसच्या आधीही काचेच्या टाकीचा एक प्रयोग झाला होता, आणि तो आमच्या वाचकांस, विशेषतः भगिनीवर्गास, ठाऊक असावा असे आम्हांस वाटते. झान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रेंच स्त्री मूळची पॅरिसमधील शिवणकाम करणारी. विवाहानंतर ती सिसिलीतील मेसिना येथे राहावयास गेली व समुद्रातील जीवांच्या अभ्यासाला लागली. 'आर्गोनॉट' नावाचा अष्टपाद प्राणी आपला सुंदर कागदी शंख स्वतः घडवितो, की संन्यासी खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावतो, याविषयी विद्वानांत वाद होता. तिने १८३२ च्या सुमारास काचेच्या टाक्या बनविल्या, त्यांत ते प्राणी ठेवले, त्यांच्या शंखांस मुद्दाम छिद्रे पाडली आणि ते प्राणी ती स्वतः बुजवितात हे डोळ्यांनी पाहून वाद मिटविला. तिच्या टाकीला एक प्रश्न होता. आमच्या दिवाणखान्यातील टाकीला प्रश्न नाही, म्हणून तिला उत्तरही नाही.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या पूर्वजांस सर्व काही आधीच ठाऊक होते असे म्हणण्याची सवय आम्हांस नाही, व ज्यांना आहे त्यांची सोबतही आम्ही टाळतो. तथापि मासा पाळण्यासंबंधी जगातील सर्वांत मार्मिक कथा आपल्या शतपथब्राह्मणात आहे, हे नमूद केलेच पाहिजे. सकाळी हात धुण्याच्या पाण्यात मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा येतो आणि म्हणतो, माझे पालन कर, मी तुला तारीन. पालन कसे करायचे, असे मनू विचारतो. आणि मासा त्याला जे सांगतो ते मत्स्यपालनाचे पहिले व अद्यापि न ओलांडले गेलेले शास्त्र होय. आम्ही लहान असतो तोवर मोठे मासे आम्हांस गिळतात, म्हणून आधी मला घागरीत ठेव. घागर पुरेनाशी झाली की खड्डा खणून त्यात ठेव. तोही पुरेनासा झाला की समुद्रात नेऊन सोड. पुराणिकांनी या कथेतून प्रलय उचलला, नौका उचलली, अवतार उचलला. घागर बदलण्याचे कलम तेवढे कोणी उचलले नाही. पाळणाऱ्याने भांडे वाढवावयाचे, पाळलेल्याने अंग आखडावयाचे नाही, हा तो करार आहे.

आजच्या दुकानात नेमके याच्या उलट शास्त्र सांगितले जाते. 'मासा टाकीच्या मानाने वाढतो,' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मत्स्यप्रेमी आम्हांस अजून भेटावयाचा आहे. लहान टाकीत गोल्डफिश खुरटतो हे खरे. पण दूषित पाण्याने व अपुऱ्या जागेने खुंटलेल्या वाढीला 'मानाने वाढणे' म्हणणे म्हणजे चीन देशात मुलींची पावले कापडाने आवळून बांधीत, त्याला 'जोड्याच्या मानाने पाय वाढणे' म्हणण्यासारखे आहे. नीट ठेवलेला गोल्डफिश वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. आमच्या घरांतून तो किती दिवस टिकतो, याची आठवण वाचकांनी आपापल्या मनाशी करावी.

आणि तो मरतो कशाने? बहुतेक वेळा यजमानाच्या स्वच्छतेने. ही गोष्ट विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आमच्या सुशिक्षित समाजाला रसायनशास्त्राच्या पदव्या आहेत, पण हे रसायन ठाऊक नाही. माशाच्या शरीरातून, मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी आहे. नदीत वाहते पाणी त्याला वाहून नेते. टाकीत तो साठतो. त्याचे आधी नायट्राइटात व मग पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू निसर्गात आहेत. ते टाकीतील खड्यांवर आणि गाळणीच्या स्पंजात हळूहळू वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरती बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा घालू नये, किंवा अगदीच एखादा घालावा व रोज थोडे पाणी बदलावे, हा साधा नियम. आमच्या घरांत काय होते? संध्याकाळी टाकी, खडे, दिवा, पाणबुड्या व डझनभर मासे एकाच रिक्षातून घरी येतात. नळाचे क्लोरीनमिश्रित पाणी तसेच ओतले जाते. तिसऱ्या दिवशी पाणी गढुळते, तेव्हा रविवारी सकाळी टाकी धुण्याचा सोहळा होतो. मासे बादलीत, खडे साबणाच्या पाण्यात, स्पंज नळाखाली पिळून उन्हात. जी काही जंतूंची वस्ती बसू लागली असेल ती गटारात. टाकी आरशासारखी लखलखते, पाहुणे वाखाणतात, आणि मंगळवारी दोन मासे उलटे तरंगतात. मग दुकानदार सांगतो, पाणी बदला. असे हे रहाट चालते. 'पाण्यात राहून माशाशी वैर करू नये' अशी आपली म्हण आहे. पाण्याबाहेर राहून करावयास हरकत नाही असा तिचा अर्थ आम्ही लावलेला दिसतो.

काचेचा गोल चंबू हा तर या सर्वांचा कळस. तोंड अरुंद म्हणून हवेचा स्पर्श थोडा, पाणी अल्प म्हणून विष लवकर साठणारे, आणि भोवती बाक आलेले जग. इटलीतील मोंझा नगरपालिकेने २००४ साली, व पुढच्या वर्षी खुद्द रोमने, असे चंबू वापरण्यास मनाई केली, तेव्हा आपल्याकडे ती बातमी हास्यविनोदाच्या सदरात वाचली गेली. 'फायटर' नावाने ओळखला जाणारा सयामी मासा तर शेंगदाण्याच्या बरणीतही जगतो म्हणून विकला जातो. त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याचे एक अवयवयंत्र असते, म्हणून तो तेथे मरत नाही, एवढाच त्याचा अपराध. न मरणे आणि जगणे यांत जो भेद आहे तो आम्ही माणसांच्या बाबतीत मान्य करतो.

परंतु या अज्ञानाहून आम्हांस अधिक संताप येतो तो त्यावर पांघरलेल्या श्रद्धेचा. टाकीत मासा मेला की घरातील वडीलधारी मंडळी, आणि हल्ली तरुणही, समजूत काढतात: घरावर काही गंडांतर येणार होते, ते त्याने आपल्या अंगावर घेतले. केवढी सोय! यजमानाने आठवडाभर विष साठवावे, किंवा गाळणी बंद ठेवून वीज वाचवावी, किंवा गावाला जाताना चार दिवसांचे खाणे एकदम ओतून जावे. आणि त्याचे फळ भोगणाऱ्या जिवाने यजमानावर उपकार केल्याचा दाखला द्यावा. बळी देणाऱ्याला निदान आपण बळी देतो आहोत हे माहीत असते. येथे हत्या अनवधानाने, पुण्य मात्र पदरात. नऊ मासे हवेत, आठ सोनेरी व एक काळा, काळ्याने अरिष्ट शोषावयाचे, ही फेंगशुईची चिनी व्यवस्था आमच्या वास्तुशास्त्र्यांनी फारशी घासाघीस न करता पदरात घेतली आहे. ज्या घरांतून सत्यनारायणाची पूजा 'आम्ही हे मानीत नाही, पण आईच्या इच्छेखातर' अशा प्रस्तावनेने होते, त्याच घरांतून हा काळा मासा विनाप्रस्तावना पोहतो आहे. 'अरोवाना' नावाचा मासा तर लक्ष्मीचे वाहन ठरून हजारो रुपयांना विकला जातो. या जातीतील आशियाई मासा आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात असून, परवाना असलेल्या पैदाशीतील व अंगात ओळखीची चिप बसविलेल्या माशांचाच काय तो व्यापार होऊ शकतो. ज्याच्या स्वतःच्या वंशाला धनाच्या लोभाने धोका पोहोचला, त्याला धनदाता मानावयाचे!

मुलांच्या शिक्षणाचा दावा यापेक्षा गंभीर आहे, म्हणून त्याची परीक्षा गंभीरपणे करू. ज्या घरात टाकी आहे त्या घरातील मुलाला वाचकांनी आपल्या गावच्या नदीतील तीन माशांची नावे विचारून पाहावीत. मरळ, शिवडा, वाम, खवली ही नावे त्याने ऐकलेलीच नसतात. टाकीतील माशांची नावे त्याला येतात. पण त्यांतील कोणता ब्राझीलच्या नदीतून आला, कोणता सयामच्या भातखाचरातून, आणि कोणता कोणत्याच नदीतून आलेला नाही, हे त्याला किंवा त्याच्या वडिलांना ठाऊक नसते. 'फ्लॉवरहॉर्न' हा कपाळावर टेंगूळ आलेला मासा मनुष्याने संकराने घडविला; 'पॅरट' मासाही तसाच, व त्याचे तोंड धड मिटतही नाही. काचेसारख्या पारदर्शक माशांच्या अंगात सुईने रंग टोचून ते विकल्याचा प्रकार युरोपात उघडकीस आला व त्याविरुद्ध तेथे चळवळ झाली. जनुकांत बदल करून चमकविलेला झेब्रा मासा २००३ पासून अमेरिकेच्या बाजारात आहे. अशा टाकीसमोर बसवून मुलाला सृष्टी शिकविणे म्हणजे सर्कशीतील विदूषकावरून मानववंशशास्त्र शिकविणे होय. उलट ससून डॉकवर किंवा मालवणच्या किनाऱ्यावर पाटी घेऊन बसलेली कोळीण पाहा. बांगड्याचा डोळा पाहून तो कालचा की आजचा हे ती सांगते. कोणत्या वाऱ्याला तारली येते, पापलेट कोणत्या महिन्यात गाबोळीने भरते, नारळी पौर्णिमेपूर्वी होडी का लोटू नये, हे सर्व तिला अवगत असते. मासा म्हणजे काय हे तिच्याइतके आमच्या टाकीवाल्या घरात कोणासही कळत नाही.

येथे एक आक्षेप येणार हे आम्ही जाणतो, आणि तो योग्य आहे. 'तुम्ही मासे तळून खाता, आणि पाळणाऱ्यांवर दया शिकविता?' होय, आमच्या घरी मासे खाल्ले जातात. खाणे चांगले की वाईट हा वाद निराळा. ज्यांस तो घालावयाचा असेल त्यांनी स्वतंत्रपणे घालावा. परंतु खाणारा आपण मारतो हे नाकारीत नाही, व माशावर प्रेम करतो असेही म्हणत नाही. पाळणारा प्रेमाची भाषा बोलतो. ज्याने पालकत्वाचा शब्द उच्चारला त्याच्याकडून पालकत्वाची अपेक्षा करणे यात कोणता अन्याय आहे? सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आणि ठराविक दिवशी मासे मारणे व विकणे बंद केले. त्याने सर्वांचे मासे खाणे बंद केले नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण लिहितो. ते गळाने मासे धरण्याच्या राजविलासाविषयी आहे. पण मासे कोणते, ते कोठे राहतात, कोणाला कोणते आमिष रुचते, याचे त्याने जे बारकाईचे वर्णन केले आहे त्यावरून तो राजा पाण्याकडे पाहत होता यात संशय राहत नाही. शिकाऱ्याला जेवढे ज्ञान लागते तेवढेही आमच्या प्रेमाला लागू नये?

आता शांतीचा दावा. याला आधुनिक संशोधनाचा आधार आहे, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. इंग्लंडात प्लिमथ येथील मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयात एक भव्य टाकी रिकामी करून पुन्हा टप्प्याटप्प्याने भरली जात असता अभ्यासकांनी प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले, आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जीव वाढत गेले तसा लाभ व रस वाढला हे खरे; पण टाकीत मासे नसताना, नुसत्या पाण्याकडे पाहतानाही, प्रेक्षकांस पुष्कळशी विश्रांती लाभली होती! आमच्या कैवाऱ्यांनी या दुसऱ्या भागाकडेही लक्ष द्यावे. पाणी पाहून मन निवते. ते आम्हांस नदीच्या घाटावर, तळ्याच्या काठी, विहिरीच्या थारोळ्यापाशीही मिळत असे. घाट आम्ही बुजविले, तळ्यांवर वसाहती उठविल्या, नद्यांत सांडपाणी सोडले, आणि मग दोन फूट पाणी काचेत भरून त्याच्यापुढे शांती मागत बसलो. पण ती शांती एकतर्फी आहे. मासे ऐकतात, कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९२३ साली शिट्टी ऐकून येणाऱ्या एका आंधळ्या माशाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानेच पुढे दाखविले की, एका माशाची कातडी खरचटली की तीतून जे द्रव्य पाण्यात मिसळते त्याने सारा थवा भयाने दूर पळतो. थव्याला पळावयास जागा असते, हे येथे गृहीत आहे. गोल्डफिशची स्मृती तीन क्षणांची असते ही समजूत तर निव्वळ आमच्या सोयीची आहे; शिकविलेल्या गोष्टी तो महिनोन्महिने विसरत नाही. तेव्हा दूरचित्रवाणीचा गोंगाट, मुलांचे काचेवर टकटकणे आणि मध्यरात्रीपर्यंतचा निळा दिवा यांत तो ज्या स्थितीत असेल तिला काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे. संतांनी तळमळीला मासोळीची उपमा दिली. आम्ही शांतीसाठी तिचीच योजना केली.

दिवाणखान्याबाहेर या हौसेचे जे परिणाम होतात त्यांकडे आमच्या नियतकालिकांचे फारच थोडे लक्ष गेले आहे. केरळ व दक्षिण कर्नाटकातील सह्याद्रीच्या झऱ्यांत एक देखणा मासा राहतो: अंगावर काळा पट्टा, त्यावर लाल रेघ. फ्रान्सिस डे याने १८६५ साली त्याची नोंद केली व मद्रासच्या गव्हर्नराचे नाव त्याला दिले. २०१३ साली भारतीय संशोधकांनी त्याची स्वतंत्र प्रजाती ठरविली, तेव्हा तिचे नाव 'सह्याद्रिया' ठेविले. ज्या पर्वताचे नाव घेताच मराठी माणसाची छाती फुगते त्या पर्वताचे नाव धारण करणारा हा मासा जगाच्या टाक्यांत 'मिस केरळ' म्हणून विकला गेला, इतका की त्याची गणना आता संकटग्रस्त जातींत होते. २००५ ते २०१२ या काळात धोक्यातील तीस जातींचे मिळून पंधरा लाखांहून अधिक गोडे मासे भारतातून बाहेर गेले, असे एका अभ्यासात दिसून आले. किल्ल्यांचे चिरे कोणी असे गाड्या भरून नेले असते तर आम्ही सभा भरविल्या असत्या.

उलट दिशेचा प्रवाहही आहे. टाकीतील शेवाळ खातो म्हणून दक्षिण अमेरिकेचा 'सकर' मासा बोटभर असताना विकत घेतला जातो. तो हातभर होतो, टाकीत मावेनासा होतो, आणि मग भूतदयेचा उमाळा येऊन यजमान त्याला जवळच्या तलावात सोडून येतो. मनूनेही सोडला होता, असे कोणी म्हणेल. पण मनूने माशाला त्याच्या घरी सोडले, आम्ही त्याला दुसऱ्याच्या घरात सोडतो. आज हा कवचधारी पाहुणा देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. तो जाळी फाडतो, देशी माशांची अंडी व खाद्य हिरावतो, आणि कोणी विकत घेत नाही. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३ साली मगरतोंड्या अमेरिकन 'गार' मासा सापडला. तोही स्वतः पोहत आला नव्हता. टाकीचा खर्च असा शेवटी मासेमाराच्या जाळ्यातून वसूल होतो, आणि त्याची पावती दिवाणखान्यात येत नाही.

सरकारने यात काही केले नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१७ साली मत्स्यदुकानांसंबंधी नियम काढले. त्यांत अनेक जातींच्या प्रदर्शनास व विक्रीस बंदी होती, गोल चंबूंवर कटाक्ष होता. चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी माशांच्या पैदाशीवर शेकडो कुटुंबांची चूल चालते. त्यांनी ओरड केली, आणि नियम मागे घेतले गेले. आमच्या मते नियम घिसाडघाईचे होते व ओरड रास्त होती. पैदास करणारा गरीब मनुष्य या प्रकरणातील गुन्हेगार नव्हे. गुन्हेगार आहे तो घेणाऱ्याचा निष्काळजीपणा, व त्यावर कायद्याचा इलाज नाही. म्हणूनच हा लेख.

मग करावे काय? आमच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे आहेत. पहिले वाळणकोंडीचे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीच्या या डोहात खडस मासे पिढ्यानुपिढ्या राखलेले आहेत. देवीचे म्हणून त्यांना कोणी धरीत नाही. मूठभर मुरमुरे टाकावेत आणि काठावर बसून त्यांचे काळसर पाठवान वर येताना पाहावे. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे, शृंगेरीस तुंगेच्या घाटावर, असेच आहे. श्रद्धेचा भाग ज्यांस नको असेल त्यांनी तो बाजूस ठेवावा. काच नसलेले मत्स्यालय म्हणून या स्थळांचे मोल त्याने कमी होत नाही. वरच्या अंगाला धरण किंवा कारखाना झाला की हे डोह आटतील किंवा नासतील. टाकीसाठी दहा हजार रुपये मोजणाऱ्या गृहस्थाने आपल्या मुलांना वर्षातून एकदा तेथे न्यावे व नदीविषयी चार अर्ज लिहावेत, हा आमच्या मते अधिक स्वस्त व अधिक शांतिदायक छंद आहे.

दुसरे चित्र सार्वजनिक मत्स्यालयाचे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. एका पारशी दात्याच्या देणगीने त्याला हातभार लागला होता. खेड्यापाड्यांतून शाळेच्या सहलीत आलेल्या किती पिढ्यांनी जिवंत समुद्र प्रथम तेथे पाहिला असेल याची गणती नाही. २०१५ साली त्याचे नूतनीकरण झाले, तेव्हा ॲक्रिलिकच्या बोगद्याचा व परदेशी रंगीत माशांचा गाजावाजा झाला. बोगद्याला आमची हरकत नाही. पण सार्वजनिक मत्स्यालयाने दिवाणखान्याची री ओढावी काय? कृष्णा, गोदावरी, वैतरणा, सावित्री यांतील मासे, खाडीतील निवट्या, बोंबलाचा जीवनक्रम, खारफुटीच्या मुळांतील पिले, हे जेथे दिसेल ते आमचे मत्स्यालय. रत्नागिरीस झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्रातील मत्स्यालय लहान आहे, पण ते अभ्यासकांच्या हातात आहे, आणि देवमाशाच्या सांगाड्याखाली उभे राहिलेले मूल जे शिकते ते कोणत्याही पाणबुड्याकडून शिकणार नाही. इटलीत नेपल्स येथे आंतोन डोर्नने १८७२ साली प्राणिशास्त्रीय केंद्र स्थापिले आणि १८७४ पासून खालच्या मजल्यावरील मत्स्यालय लोकांस तिकीट लावून खुले केले. त्या पैशाचा उपयोग वरच्या मजल्यावरील संशोधनास होई. खाली लोक विस्मित होत होते व वर शास्त्रज्ञ विचार करीत होते, आणि दोघांच्या मध्ये एक जिना होता. बर्लिनच्या एका हॉटेलात दहा लाख लिटर पाण्याचा काचस्तंभ शोभेसाठी उभारला होता, तो १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटला व सुमारे पंधराशे माशांपैकी बहुतेक सर्व रस्त्यावर व दिवाणखान्यात मेले. या दोन इमारतींपैकी आपण कोणती बांधावयाची याविषयी नगरपालिकांच्या सभासदांस आम्ही जरूर प्रश्न विचारू.

शाळांत टाकी असावी, असे आमचे मत आहे. परंतु एक मोठी, देशी माशांची, आणि जिची वही विद्यार्थी ठेवतात अशी. गप्पी मासा तेथे अवश्य असावा. तो परदेशी खरा, पण डासांच्या अळ्या खाऊन हिवतापविरोधी खात्यात त्याने अनेक वर्षे नोकरी केली आहे. मात्र तो हौदात व बंद टाक्यांतच सोडावा. ओढ्यात सोडला की तोही घुसखोरच.

राहता राहिले ते गृहस्थ, ज्यांच्या घरी टाकी आधीच आहे. त्यांनी ती फोडावी असे आम्ही म्हणत नाही. मासे कमी करावेत, पाणी वाढवावे. दर आठवड्यास चौथाई पाणीच बदलावे, तेही भांड्यात साठवून व क्लोरीन काढण्याचे औषध घालून. स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळावा. रात्री दिवा मालवावा. वाढदिवसाच्या परतभेटीत पिशवीतला मासा कोणी देऊ केल्यास तो नम्रपणे परत करावा. आणि सकर मासा मोठा झाला असेल तर त्याला रंकाळ्यात किंवा पवईत नेऊन सोडू नये. दुकानदार घेत नसेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी, आणि तेथेही कोणी दाद देईपर्यंत त्याला मोठ्या हौदात ठेवावे. हौद घेण्याचा खर्च यजमानाचा.